नॉर्टे साहेब हयात आहेत

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगावी लागणार नाही. आमच्या बाबांच्या ऑफिसातलं कुणीही वारलेलं नाही. नॉर्टे साहेब हयात आहेत. काल त्यांचा फोन आला होता, आवाज खणखणीत होता. तरीही बाजारात, चर्चच्या पायरीवर, दवाखान्याच्या रांगेत माणसं माझा दंड धरतात आणि खालच्या आवाजात विचारतात, "सारपोमा, बाबा सावरले का गं आता?" मी हो म्हणते. हो म्हणून म्हणून माझी मान दुखायला लागली आहे. आमच्या सुन्यानी गावात बातमी पसरायला एक सकाळ पुरते. पसरलेली बातमी परत गोळा करायला किती दिवस लागतात, ते मी सध्या मोजते आहे.

बाबा पाण्याच्या टाक्या विकणाऱ्या एका कंपनीच्या इथल्या शाखेचे प्रमुख आहेत. प्रमुख म्हणजे चार माणसांचे, आणि त्या चारांत ते स्वतःही धरलेले आहेत. आठवड्यातून दोनदा नळाला पाणी येणाऱ्या गावात टाकी विकायला अक्कल लागत नाही, नुसती खुर्ची लागते, असं बाबा पूर्वी म्हणायचे. पूर्वी ते ऑफिसातून गुणगुणत घरी यायचे. टाकी विकली की दाराशी टांगलेली पितळी घंटा वाजवायची, सगळ्यांनी टाळ्या पिटायच्या आणि शुक्रवारी एका टेबलाभोवती बसून पानात बांधलेला वाचे, म्हणजे चवळीभात, खायचा, अशी तिथली रीत होती. ती घंटा वाजवायला मिळावी म्हणून मी लहानपणी पोटदुखीची सोंगं केलेली आहेत.

या सुट्टीत मी बाबांना मदत करायला तिथे गेले. घंटा होती, पण तिची दोरी नव्हती. फिरते विक्रेते न्यार्को दादा यांनी त्या दोरीने आपल्या मोटरसायकलची सीट बांधली होती. वाचे जो तो आपापल्या टेबलाशी, आपापल्या भिंतीकडे तोंड करून खात होता. फळ्यावर सगळ्यांची नावं होती, आणि ज्याची विक्री सर्वांत कमी त्याच्या नावाखाली कासव काढायचं, असा हेड ऑफिसचा हुकूम होता. कासव काढायची जबाबदारी बाबांची. बाबांना चित्रकला येत नाही, त्यामुळे ते कासव केंकेच्या, म्हणजे उकडलेल्या मक्याच्या पिठाच्या, गोळ्यासारखं दिसायचं. गेल्या महिन्यात ते त्यांना स्वतःच्याच नावाखाली काढावं लागलं. ते मात्र चांगलं जमलं होतं.

आणि रोज पहाटे साडेपाचला अक्राच्या हेड ऑफिसातल्या नॉर्टे साहेबांचा आवाज चौघांच्या फोनमध्ये गरजायचा, "सुन्यानी! झोपलात काय?" त्या वेळी सुन्यानी झोपलेलीच असते. पण हे त्यांना कळवायची सोय नव्हती.

आता मुख्य मुद्दा. आमच्या ऑफिसात फ्रेमा मॅडम आहेत. एकोणीस वर्षं तिथे काम करतायत. गावातल्या निम्म्या घरांवरच्या टाक्या त्यांनी विकलेल्या आहेत, आणि कुठल्या घरात किती माणसं आंघोळ करतात हे त्यांना तोंडपाठ आहे. एका सोमवारी त्यांनी मला स्टेपलरच्या पिना काढायला त्यांच्या खणात हात घालायला सांगितलं, आणि पिनांच्या खाली मला एक पाकीट दिसलं. वर लिहिलं होतं, 'राजीनामा'.

"वाचलंस ना?" मॅडम मान वर न करता म्हणाल्या.

"नाही... म्हणजे, नुसतं वरचं."

"वरचंच महत्त्वाचं आहे. शुक्रवारी नॉर्टे साहेब येतायत. त्यांच्याच हातात देणार. टाइल्सच्या दुकानात बोलावलंय मला."

"तुम्हाला टाइल्स आवडतात?"

"तिथली माणसं सकाळी एकमेकांना विचारतात, रात्री झोप लागली का म्हणून. पिना दे इकडे."

मी गप्प बसणारी मुलगी नाही. गेल्या सत्रात वादविवाद स्पर्धेत मी शाळेला ढाल मिळवून दिली, तेव्हापासून माझा माझ्यावर फार विश्वास बसला आहे. बाकीच्यांचा हळूहळू उडतो आहे, तो भाग वेगळा. संध्याकाळी जेवताना मी सगळं बाबांना सांगून टाकलं. बाबांचा हात वाटीतच थांबला.

"फ्रेमा मॅडम गेल्या तर शाखा संपली," ते म्हणाले. "महिन्याभरात कुलूप लावतील."

"मग त्यांना थांबवा ना."

"कुठल्या तोंडाने?"

मला वाटलं, हे उगाच बोलायची पद्धत म्हणून म्हणतायत. ते अगदी शब्दशः विचारत होते, हे मला नंतर कळलं.

तर मी ठरवलं, की मॅडमना थांबवायचं. शुक्रवारपर्यंत. ऑफिसचं मन मेलंय, ते जिवंत करायचं. त्यासाठी मला जो उपाय सुचला तो इथल्या कुठल्याही शहाण्या माणसाला सुचला असता: सगळ्यांना एका कापडाचे कपडे. आमच्याकडे घरचं कार्य असो, चर्चची सहल असो की बचत गटाचा वाढदिवस, सगळ्यांनी एक कापड घेऊन शिवलं की माणसं आपोआप एकमेकांची होतात. भांडण झालं तरी एका कापडात भांडतात. बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, "कर काय करायचं ते." हे त्यांनी कानाशी गुणगुणणाऱ्या डासाला म्हणावं तसं म्हटलं होतं. मी ती लेखी परवानगी समजले.

राहिला रंगाचा प्रश्न. आमच्या टाक्या काळ्या, आणि त्यांच्यावरची अक्षरं लाल. म्हणून कापड लाल-काळं. तर्क म्हणून यात चूक नव्हती, हे मी आजही ढाल हातात घेऊन सांगेन. फक्त माणूस गेल्यावर गावात लाल-काळं नेसतात, हे जन्मापासून दर शनिवारच्या अंत्यविधींत डोळ्यांनी बघत आलेली मी, बाजारात उभी असताना दहा मिनिटं विसरले. दहाच मिनिटं. पण कापड फाडायला दुकानदाराला दोनच लागली.

शेजारच्या पोकुआ मावशी शिवणकाम करतात. त्यांच्या टेबलावर मी गठ्ठा टाकला.

"पाच माणसांचं, मावशी. शुक्रवार सकाळपर्यंत पाहिजे."

मावशींनी कापड उलगडलं, माझ्याकडे बघितलं आणि मशीनवरचा पाय काढला. "एवढं अचानक?"

"हो ना. एकदम ठरलं."

"बाबांना फार लागलं असेल."

"बाबांना वर्षभर त्रास होतोय हो, मावशी. कुणाला बोलून दाखवत नाहीत एवढंच."

मावशींनी गळ्यातल्या मापाच्या फितीनेच डोळे टिपले. "घरी कुणी?"

"नाही, नाही. ऑफिसचं आहे."

"असू दे. शिलाईचं आत्ता काढूच नकोस."

माझ्या उपक्रमाने मावशी इतक्या भारावल्या, याचा मला अभिमान वाटला. आमच्याकडे 'कोण गेलं?' असं तोंडावर विचारायची पद्धत नाही. ज्याच्यावर प्रसंग आला आहे तो सांगेल तेव्हा सांगेल. तोवर आपण जायचं, हात मिळवायचा, बसायचं. या सभ्यतेने माझा जो घात केला तो एखाद्या वैऱ्याने केला नसता.

"आणि मी येणार हं शुक्रवारी," मावशी म्हणाल्या. "बाया पण घेऊन येते. फ्रेमाच्या आईच्या वेळेसारखं नको व्हायला."

"तेव्हा काय झालं?"

मावशींनी सुई मानेजवळच्या कापडात खोचली. "गेल्या नोव्हेंबरात म्हातारी गेली. एकोणीस वर्षांची नोकरी फ्रेमाची, पण अंत्यविधीला ऑफिसातून चिटपाखरू आलं नाही. पहिल्या रांगेत ऑफिसवाल्यांसाठी तीन खुर्च्या राखून ठेवल्या होत्या तिने. दिवसभर कुणाला बसू दिलं नाही. संध्याकाळी स्वतःच उचलून ठेवल्या."

त्या रात्री जेवताना मी बोलले नाही. आईने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. शेवटी मी बाबांना विचारलं.

"शनिवार होता," बाबा म्हणाले. "साहेबांनी त्याच दिवशी टाकी मेळा ठेवला होता. कुणालाही सुट्टी नाही, असा कागद आला." मग बराच वेळ ते माशाचे काटे ताटाच्या कडेला एका ओळीत लावत बसले. "तो कागद फळ्यावर मीच लावला."

एवढं सगळं ऐकूनसुद्धा कापडाचं माझ्या डोक्यात आलं नाही. ज्यांनी ज्यांनी मला हुशारीची प्रशस्तिपत्रं दिली त्यांनी ती परत न्यायला हरकत नाही. मला उलट वाटलं, की अपराध एवढा मोठा असेल तर कार्यक्रमही मोठा पाहिजे. ऑफिससमोर मांडव घालू, खुर्च्या मांडू, सगळ्यांना वाचे देऊ!

रस्त्याच्या कडेला मांडव घालायचा म्हणजे नगरपालिकेचा परवाना आला. तिथल्या कारकुनाने मला दीड तास उभं केलं आणि मग अर्ज पुढे सरकवला.

"कार्यक्रमाचा प्रकार?"

"कर्मचाऱ्यांचं मन सांभाळणे."

"अर्जात तसा रकाना नाही."

"मग 'इतर' लिहा."

"'इतर'ला चौदा दिवस लागतात. शिवाय तीन सह्या. त्यातले एक साहेब प्रशिक्षणाला गेलेत, कधी येतील ते त्यांनाही माहीत नाही."

मी वाद घातला. मुद्दे मांडले, उपमुद्दे मांडले. कारकून पंख्याकडे बघत होता. शेवटी, आमची तयारी किती झाली आहे हे दाखवावं म्हणून मी पिशवीतून कापडाचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. तो माणूस चटकन उभा राहिला.

"आधी नाही का सांगायचं, पोरी?" तो म्हणाला, आणि स्वतः रकाना भरून, स्वतः शिक्का मारून, मला दारापर्यंत सोडायला आला. "आमच्या ऑफिसातून दोघं तिघं येऊन जातील."

वादविवादाचा असा परिणाम होतो, असं वाटून मी तरंगतच बाहेर पडले.

फलकाच्या दुकानातही तेच. नॉर्टे साहेबांच्या स्वागतासाठी मी त्यांचा फोटो दिला आणि म्हटलं, "मोठा करा, खाली नाव टाका, छान काहीतरी करा." दुकानदाराने कापड बघितलं आणि काही न विचारता फोटोमागे ढग आणि दोन पांढरी कबुतरं घातली. एक पैसा जास्त घेतला नाही. गावात एवढी चांगुलपणाची लाट आली असताना मला शंका यायला हवी होती. पण आपलं कौतुक होत असताना शंका घेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

शुक्रवारी सकाळी सगळ्यांच्या हातात कपडे दिले. बाबांनी सदरा उघडला आणि ते थबकले. "सारपोमा, हा रंग..."

"कंपनीचे रंग, बाबा!"

बाबांनी तोंड उघडलं, पण पहाटे साडेपाचच्या गर्जनेनंतर वाद घालायचं बळ उरलं नसावं, कारण त्यांनी ते मिटलं आणि सदरा घातला. दमलेला माणूस काहीही घालतो. न्यार्को दादा म्हणाले, "छोट्या मॅडम, बाही घट्ट आहे," बस. पहारेकरी अल्हसन काकांनी आपला अंगरखा हातात उलटापालटा केला. "बाळ, मी उत्तरेकडचा माणूस. तुमच्यात काय केव्हा घालतात त्यात मी पडत नाही," असं म्हणून तेही तयार झाले. फ्रेमा मॅडम मात्र ते कापड मांडीवर घेऊन फार वेळ बसल्या. मग आत गेल्या, नेसून आल्या. त्यांच्या पिशवीतून पाकिटाचं टोक दिसत होतं.

मांडववाल्याने खुर्च्या तीन बाजूंनी मांडल्या होत्या, मधे मोकळी जागा, आणि कर्ण्यावर इतकी सावकाश गाणी लावली होती की अल्हसन काकांना बसल्या बसल्या डुलकी लागली. नऊ वाजता पहिली माणसं आली. सगळी काळ्यात. आमच्या रांगेच्या उजव्या टोकापासून एकेकाशी हात मिळवत डावीकडे सरकली आणि समोर जाऊन बसली. मग आणखी आली. मग पोकुआ मावशी वीस बायका घेऊन आल्या आणि मांडवाच्या दारातच त्यांनी असा काही हंबरडा फोडला की माझ्या डोक्यातली ती दहा मिनिटं खाडकन संपली.

मी कापडाकडे बघितलं. कबुतरांकडे बघितलं. "बाबा," मी म्हटलं, "मला वाटतं, माझं थोडं चुकलंय."

"कळलं," बाबा दात आवळून म्हणाले. "हात मिळवत राहा."

कारण पुढे केलेला हात नाकारता येत नाही. शंभरेक माणसं आली. न्यार्को दादांनी गांगरून एका आजोबांना पाचशे लिटरच्या टाकीचा भाव सांगितला. आजोबांनी त्यांचा हात दाबला आणि म्हणाले, "दुःखात असं होतं, मुला."

आणि अकरा वाजता अक्राहून सात तास प्रवास करून नॉर्टे साहेब उतरले. हातात लॅपटॉपची बॅग, अंगावर पिवळा शर्ट. आधी गर्दी बघून ते खूश झाले. मग त्यांनी आपला फोटो बघितला. कबुतरं बघितली. त्यांना कुणीतरी दंडाला धरून खुर्चीवर बसवलं, आणि शेजारच्या आजीबाईंनी त्यांचा चेहरा निरखून विचारलं, "भाऊ होते का तुमचे? तोंडावळा अगदी तोच."

साहेबांनी लॅपटॉपची बॅग छातीशी धरली. पलीकडच्या माणसाने अल्हसन काकांना विचारलं, "कसा होता हो माणूस?"

काका नुकतेच जागे झाले होते. "पहाटे साडेपाचला ओरडायचा," ते म्हणाले. "आता झोप लागेल सगळ्यांना."

मांडवातल्या शंभर माणसांत या फोटोसाठी मनापासून रडणारं एकही माणूस नव्हतं, आणि ते फोटोतल्या माणसाला दिसत होतं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. मी त्या दिवशी बऱ्याच जणांकडे बघायचं टाळलं.

पाहुण्यांना पाणी देऊन झालं. आता रीतीप्रमाणे त्यांच्यातले वडीलधारे, लाकडाच्या वखारीचे मालक म्हातारे गृहस्थ, काठी टेकत उठले. कर्णा बंद झाला.

"आम्ही आलो," ते म्हणाले. "तुमचं पाणी प्यायलो. आता सांगा. कुणासाठी बसला आहात?"

असा प्रश्न चारचौघांत विचारला की उत्तर द्यावंच लागतं. घरच्या मोठ्या माणसाने. बाबा उठले. मला वाटलं, आता ते सांगणार, की ही माझी मुलगी, हिच्या मूर्खपणामुळे तुमची सकाळ वाया गेली, आणि हे नॉर्टे साहेब, हयात. मग हशा होणार, साहेब पेटणार, मॅडम पाकीट काढणार, आणि शाखेला कुलूप. मी पायातल्या चपलेकडे बघत होते. मी मान वर केली, तर ते फ्रेमा मॅडमकडे बघत होते.

"फ्रेमा मॅडमच्या आईसाठी," बाबा म्हणाले.

मॅडमची मान झटकन वर झाली.

"गेल्या नोव्हेंबरात त्या गेल्या. त्यांनी आमच्यासाठी तीन खुर्च्या ठेवल्या होत्या. आम्ही त्या दिवशी टाक्या विकत होतो. कुणीही जायचं नाही, असा कागद आला होता, आणि तो मी माझ्या हाताने फळ्यावर लावला." बाबांनी दाराशी टांगलेल्या घंटेकडे बघितलं. "त्या शनिवारी अकरा टाक्या खपल्या. घंटा वाजवायला कुणी उठलं नाही. म्हणून आज बसलो आहोत. उशिरा."

मॅडम म्हणाल्या, "दहा महिने उशिरा."

"हो."

"तिचं नाव तरी माहीत आहे का तुम्हाला?"

"आकोसुआ तावियाह," बाबा म्हणाले. "मोटार स्टँडजवळ भाजलेली केळी विकायच्या. मला दरवेळी एक जास्त द्यायच्या. म्हणायच्या, माझ्या मुलीला ओरडू नकोस."

मॅडमनी तोंडावर हात घेतला. पोकुआ मावशींनी आधी फुकट घालवलेला हंबरडा आता योग्य जागी फोडला. बाबा गेले, त्यांनी मॅडमशी हात मिळवला. मागून न्यार्को दादा, अल्हसन काका, मी. मागून सगळा मांडव उठला आणि रांग लागली. त्या रांगेत पिवळ्या शर्टातले नॉर्टे साहेबही होते, कारण मधून बाहेर पडायला वाटच नव्हती. मॅडमसमोर ते आले तेव्हा म्हणाले, "तो कागद माझा होता." मॅडमनी त्यांचा हात धरून ठेवला, आणि म्हणाल्या, "माहीत आहे. सही वाचता येते मला."

दुपारी, माणसं पांगल्यावर, आम्ही पाचजण आणि साहेब मांडवात बसून एका टेबलावर वाचे खात होतो. साहेब आपल्या फोटोला पाठ करून बसले होते. शाखेचं काय करायचं ते अक्राला जाऊन कळवतो, एवढंच म्हणाले. पण न्यार्को दादांना त्यांनी हळूच विचारलं, "साडेपाच म्हणजे फारच लवकर होतं का?"

बाबा मॅडमच्या पिशवीकडे बघत होते. आम्ही सगळेच बघत होतो. मॅडमनी ते ओळखलं आणि पिशवी टेबलाखाली सरकवली.

"नोव्हेंबरात आईचं वर्ष आहे," त्या म्हणाल्या. "शनिवारीच येतंय. तोवर आहे मी. त्या दिवशी कोण येतं ते बघते, मग त्या पाकिटाचं ठरवू."

"सगळे येऊ," बाबा म्हणाले.

"तीनच खुर्च्या ठेवीन. साहेबांना यायचं तर त्यांनी आपली आणावी." मॅडमनी पानातला शेवटचा घास गोळा केला. "कापड पांढरं-काळं लागतं वर्षाला. मी आणीन. या पोरीला दुकानात पाठवू नका."